अठराच्या आत

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आमच्याकडे कोणालाच स्वस्थ बसू देत नाही. आंबे उतरून झालेले असतात, काजूच्या बिया विकून झालेल्या असतात, आणि नांगर घालायला जमीन अजून तयार नसते. माणसं पडवीतून अंगणात आणि अंगणातून पडवीत येरझाऱ्या घालतात. दुपारी आडवं व्हावं तर पाठ चटईला चिकटते. उठावं तर बाहेर करण्यासारखं काही नसतं. समुद्राचा रंग बदलू लागलेला असतो. खाडीच्या तोंडाशी पाणी कारण नसताना उसळतं. कुत्रीसुद्धा एका सावलीतून उठून दुसऱ्या सावलीत जातात आणि तिथेही फार वेळ थांबत नाहीत.

यंदा त्या आठवड्यात मी गावीच होतो. शेजारच्या घरातला सोळा वर्षांचा मुलगा मोबाइलवर काही वाचत होता आणि मध्येच चिडून उठत होता. कुठेतरी घाटावर हौशी लोकांसाठी गाडी चालवण्याचा दिवस भरणार होता. बांधलेला गोल रस्ता, त्यावर हव्या तेवढ्या फेऱ्या. अठरा वर्षांखालच्यांसाठी वेगळे नियम होते: पालकांची संमती हवी, पालक स्वतः हजर हवेत, डोक्याला हेल्मेट, शेजारी जाणता माणूस, ठरलेल्यापेक्षा अधिक वेग नाही, पुढच्या गाडीला मागे टाकायचं नाही.

"इतके नियम घालण्यापेक्षा येव नको म्हणान सरळ सांगा की," तो म्हणाला.

मी म्हणालो, हे नियम जुने आहेत, याच्याहून कडक मी पाहिले आहेत.

"तुमच्या टायमाक हयसर मोटारी तरी होते?"

"एक होती," मी म्हणालो.

त्या एका मोटारीची हकीकत सांगायची तर आधी सडा सांगावा लागतो. मालवणहून कुडाळकडे येताना रस्ता चढू लागतो आणि झाडी संपते, तिथे जांभ्या दगडाचं काळं, सपाट पठार लागतं, तोच सडा. त्यावर माती नाही म्हणून शेत नाही, शेत नाही म्हणून कुंपण नाही. पावसाळ्यात तिथे गवत आणि फुलं असतात. मेमध्ये नुसता दगड. त्यावर अनवाणी उभं राहिलं की आपोआप पाय बदलावे लागतात. आधी डावा, मग उजवा. पश्चिमेच्या कडेला उभं राहिलं की खाली माडांचे शेंडे आणि त्यापलीकडे समुद्र. वारा सतत. बोललेलं वाक्य पुरं ऐकू येत नाही, म्हणून सड्यावर सगळे ओरडूनच बोलतात.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता आणि बांद्याच्या पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं. तिकडून मोटारीचे टायर इकडे येत. कसे येत ते कोणी विचारत नसे. ते टायर ज्याच्याकडे पोचत तो बाबी मेस्त्री. लढाईच्या काळात लष्करात ड्रायव्हर होता. परत आल्यावर त्याने लिलावातून एक छोटी उघडी लॉरी आणली. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढे दोन सीटा आणि दोहोंच्या मध्ये हातब्रेकचा उंच दांडा. उतारावर ती हंबरल्यासारखा आवाज करी, म्हणून गावाने तिचं नाव म्हस ठेवलं. वर्षभर ती चिरे आणि कौलं वाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र बाबी तिला धुऊन सड्यावर नेई. चुन्याने रंगवलेले दगड मांडून त्याने एक मोठी वाकडीतिकडी फेरी आखली होती. ज्याला गाडी चालवायची हौस असेल त्याने यावं. सुट्टीवर आलेले मुंबईकर येत, गावातले दुकानदार येत, एका वर्षी पोस्टमास्तर आले होते. शर्यत नव्हती. एकाच म्हशीची शर्यत कोणाशी लावणार?

मुलांना बंदी नव्हती. नियम होते, आणि ते बाबीने तोंडपाठ करून घेतले होते. पाठ सीटला टेकलेली असताना पाय ब्रेकवर पुरा पोचला पाहिजे. चपला काढून बसायचं, म्हणजे पायाखाली काय आहे ते पायाला कळतं. लोखंड तापलेलं असे, म्हणून प्रत्येकाच्या आधी बाबी पेडलांवर तांब्याभर पाणी ओती आणि वाफ निघे. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. मूल चालवत असेल तेव्हा फेरीच्या आत माणूस, जनावर, सायकल, काही नको. आणि अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या शेजारी त्याचा बाप बसला पाहिजे, ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून.

बापच का, हे आम्ही विचारलं होतं. एका वर्षी कोणा मुलाच्या शेजारी त्याचा मामा बसला होता. मामाच त्याला "सोड, सोड, अजून सोड" म्हणत राहिला आणि म्हस करवंदीच्या जाळीत गेली. बाबीने त्यावर एवढंच सांगितलं होतं: "काको नको, मामो नको. पोराक काय झाला तर जो रडतलो, तोच बाजूक बसतलो."

हा नियम पुढे बाबीच्या हातातही राहिला नाही. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, तसं सड्यावरही घातलं जाई. गावचे पहिले मानकरी, म्हातारे गावकार, पागोटं नीट करून, समुद्राकडे पाठ करून उभे राहत. "बा देवा म्हाराजा! सड्याच्या राखणदारा! ही जी काय लेकरां तुझ्या सड्यार गाडी फिरवूक इली आसत, तेंका सांभाळून घे!" आम्ही म्हणत असू, "व्हय म्हाराजा!" मग गावकार नियम सांगत, एकेक, देवाला बजावल्यासारखे. "अठराच्या आतला लेकरू चाकार बसला, तर तेचो बापूस बाजूक बसतलो!" व्हय म्हाराजा. "दुसऱ्या गेराच्या वर गाडी जावची नाय!" व्हय म्हाराजा. एकदा राखणदारासमोर व्हय म्हटलं की तो विषय संपला. माणसांनी केलेला नियम माणसं वाकवतात. हा नियम वाकवायला गावात कोणी तयार नव्हतं. पुढे मी बरीच वर्षं कायदेमंडळाच्या बातम्या लिहिल्या. इतक्या थोड्या शब्दांत मंजूर झालेला आणि इतका पाळला गेलेला कायदा मला तिथे दिसला नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत माझी चुलत बहीण सुशी होती. ती सोळा वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत कारकून. दिवाळीनंतरचा मुहूर्त. म्हणजे पुढच्या मेमध्ये ती गावात नसणार होती, आणि आली असती तरी कोणाची सून म्हणून आली असती. सुनेला म्हशीच्या चाकावर कोणी बसवलं नसतं. हे तिने कोणाला समजावून सांगितलं नाही. गाऱ्हाणं संपल्यावर ती सरळ बाबीसमोर जाऊन उभी राहिली.

"माका चलवची आसा."

मुलगे हसले. बाबी हसला नाही. नियमांत मुलगा किंवा मुलगी असं काही नव्हतं. गाऱ्हाण्यात नुसतं लेकरू होतं. "होडी चलवतंस मां तू?" त्याने विचारलं.

"व्हय."

"मगे आधी चाळण घेऊन ये."

हा नियम फक्त दर्यावर्दी घरांतल्या मुलांसाठी होता आणि त्याला कारण होतं. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते. ज्याचे हात लहानपणापासून त्यावर वाढले, तो मोटारीचं चाक शांतपणे बरोबर फिरवतो. पण घाबरला की हात जुन्या बाजूला जातात. खाडीकाठचा एक चांगला शिकलेला तरुण असाच दगडाला चुकवायला गेला आणि दगडावरच चढला होता. म्हणून बाबी अशा मुलांना तांदळाची चाळण हातात चाकासारखी धरून आखलेली फेरी पायी चालायला लावी. तो मधोमध उभा राही आणि मध्येच ओरडे, "उजव्याक खडक!" चाळण डावीकडे फिरली तर ठीक. उजवीकडे फिरली तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या संध्याकाळी सुशीची चाळण प्रत्येक खडकावर आपटली. दुसऱ्या संध्याकाळीही. घरी मात्र ती थांबली नाही. विहिरीकडे जाताना, गोठ्याकडे जाताना, जेवणं झाल्यावर अंगणात. मी तिच्या मागे चालून "डाव्याक खडक! उजव्याक खडक!" ओरडायचो. काकी चुलीपासून हाका मारायची, "माझी चाळण खंय गेली गो? शिरा पडो तुझ्या मोटारीर! तांदूळ कशान चाळू, सुपान?" सुशी वळणं घेत चाळण परत नेऊन देई आणि तांदूळ चाळून होताच पुन्हा उचलून आणी. चौथ्या दिवसापर्यंत तिच्या पाठीमागून मी कितीही अचानक ओरडलो तरी हात बरोबर बाजूला जाऊ लागले. बाबीने तिची परीक्षा घेतली आणि म्हणाला, "झाला. आता बापूस घेऊन ये."

तिथे सगळं अडलं.

सुशीचे वडील, ज्यांना गाव आबा म्हणे, मचव्यावर, म्हणजे मालवाहू शिडाच्या गलबतावर, तांडेल होते, खलाशांचे म्होरके. मंगलोरी कौलं आणि मीठ या बंदरातून त्या बंदरात नेत. समुद्रावर त्यांनी काय काय पाहिलं ते ते सांगत नसत, बाकीचे सांगत. पण मोटारीत त्यांना बसवत नसे. कुडाळला जायचं झालं तर एसटी सोडून पहाटे चालत निघत. त्या दिवसांत पावसाळ्यासाठी मचवा किनाऱ्यावर ओढलेला होता, माडाच्या झापांनी शाकारायचं काम तेवढं उरलं होतं. ते काम ते एका सकाळी करत आणि चार वेळा तपासत. उरलेला दिवस वाळूत फिरत. पाणी जवळ असून त्यावर जाता येत नाही, हे त्यांच्या चालण्यात दिसे.

"दर्यात बुडलंय तर लोक चार बरे शब्द बोलतले," ते म्हणाले. "सड्यार बुडलंय तर पोरां हसतली."

"दुसऱ्या गेरात कोण बुडता?" सुशी म्हणाली.

"गेर बीर माका सांगा नको. जेका पाण्याचो तळ नाय, तेच्यार माझो भरोसो नाय."

सुशी उठून गेली. त्यानंतरचे दिवस घरात वाईट गेले. ती भांडी जोरात ठेवी, मग मुद्दाम हळू ठेवी. दोन्ही ऐकू येई. आबा आणखी लांब चालत. सड्यावर रोज म्हस हंबरे आणि वाऱ्याबरोबर तो आवाज खाली वाडीत येई. तो आला की सुशी जे करत असेल ते थांबवी आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करी. नैर्ऋत्येला ढग दिसू लागले होते. सडा एकदा ओला झाला की शेवाळतो. मग बाबी म्हशीला खाली आणणार, हे ठरलेलं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवताना काकीने आबांना ताट वाढलं आणि उभी राहिली. आधी आमटी वाढली. मग म्हणाली, "दिवाळी सरली काय तिका मुंबयक धाडतल्यात. थंय तिच्या बाजूक कोण बसतलो, तेची चवकशी केल्यात?"

"बरो मुलगो आसा."

"बरोच आसतलो. आज वायच तुमी बसा."

आबा जेवून उठले, हात धुतले आणि पडवीत टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती.

खूप वर्षांनी मुंबईत मी सुशीकडे जेवायला गेलो होतो. चाळीच्या गॅलरीत आम्ही उभे होतो. खाली चौकात एक लॉरी वळत होती. ती मध्येच म्हणाली, "तिसऱ्यात वळवता मेलो. बघ आता, चढतलो फुटपाथार." लॉरी चढली. तिचा नवरा आतून म्हणाला की ही असं रोज संध्याकाळी करते, चौकातल्या प्रत्येकाला नापास करते. तिच्याकडे गाडी नव्हती, ती शिकायला कधी गेली नाही. घर, मुलं, आजारपणं, सगळं नेहमीसारखं. पण बोलताना तिचा उजवा पाय गॅलरीच्या फरशीवर दाबला जात होता आणि सुटत होता.

त्या शेवटच्या संध्याकाळी सड्यावर सगळा गाव होता. तांडेल मोटारीत बसणार ही बातमी म्हशीच्या आधी पोचली होती. बाबीने पेडलांवर पाणी ओतलं. सुशी चढली, पाठ टेकवली, पाय पोचवून दाखवला. आबा दुसऱ्या बाजूने चढले, चढताना देवळाच्या पायरीला लावावा तसा गाडीच्या पायरीला हात लावून.

"आबानू, हात हयसर," बाबी ओरडला. "चेडवान चूक केल्यान काय दांडो आपल्याकडे ओढूचो. बाकी काय करूचा नाय."

"इतक्याच?"

"इतक्याच."

"तांडेलानू, नांगर काढल्यात?" कोणीतरी मागून विचारलं. सगळे हसले. आबांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांच्या मुठीत दांडा होता.

म्हस हंबरली आणि निघाली. पहिलं वळण सुशीने सहज घेतलं, दुसरंही. सरळ पट्ट्यावर दुसरा गिअर टाकताना एक हिसका बसला, तेवढंच. पश्चिमेच्या कडेचं वळण आलं तेव्हा आम्ही सगळे उभे होतो. तिथे बारीक खडी साठलेली असते. पुढचं चाक तीवर किंचित सरकलं, कडेकडे. मोटारीत रोज बसणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नसतं. आबांच्या आलं. त्यांना समोर पाणी दिसलं आणि हातात दांडा होता. त्यांनी तो ओढला नाही. आयुष्यभर केलं तेच केलं: सगळं अंग घालून तो सुकाणूच्या दांड्यासारखा आडवा लोटला. दांडा आडवा जाणाराच नव्हता. आबा मात्र गेले, आणि त्यांचा खांदा सुशीच्या हातावर आदळला. चाक फिरलं, म्हस कडेकडे वळली. एक पांढरा दगड उडाला, खाली गेला, आणि बऱ्याच वेळाने झाडांत काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

म्हस उभी होती. सुशीचा अनवाणी पाय ब्रेकवर होता, पुरा, पाठ सीटला टेकलेली. बाप अंगावर कोसळला असताना तिने चाक परत ओढलं होतं, बरोबर बाजूला.

आम्ही धावलो. बाबी सर्वांच्या पुढे होता. आबा सरळ बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "माका उतरव. माझ्यामुळे पोर मरता होता. तिका एकटीक जांवदे."

बाबीने गावकारांकडे पाहिलं. गावकारांनी नकारार्थी मान हलवली. आठवडाभर रोज सगळ्यांनी व्हय म्हटलं होतं. आता कोणाला नाही म्हणता येणार होतं? आबा उतरले तर फेरी संपली. पाऊस दिसत होता. एका बाजूला देवाला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला सुशी, आणि मध्ये थांबलेली म्हस, जिचं इंजिन धडधडत होतं. वाऱ्याने गावकारांचं पागोटं हलत होतं.

मग सुशी म्हणाली, बापाकडे न बघता, "आबा, उतरा नको. हात मांडयेर ठेवा."

आबांनी हात मांडीवर ठेवले. सुशीने म्हस मागे घेतली, वळवली आणि फेरी पुरी केली. पश्चिमेचं उरलेलं वळण, उताराचा तुकडा, करवंदीच्या जाळीपाशी हळू, आणि परत आमच्यासमोर. टाळ्या वाजल्या. बाबीने थांबण्यासाठी हात वर केला.

ती थांबली नाही. म्हस आमच्यासमोरून दुसऱ्या गिअरमध्ये, नियमाप्रमाणे, निघून गेली.

"सुशे! थांब गो! फेरी संपली!" बाबी मागे धावत ओरडला. "आबानू, थांबवा तिका!"

वाऱ्यातून आबांचं उत्तर आलं, आणि सड्यावर क्वचितच येतं तसं पुरं ऐकू आलं: "माका कित्याक आरडतंस? गाडी तिच्या हातात आसा!"

तिने आणखी किती फेऱ्या मारल्या त्याबद्दल गावात एकमत नाही. पहिले थेंब पडू लागले. बायका मुलांना घेऊन खाली जाऊ लागल्या आणि गेल्या नाहीत. शेवटी लांबच्या टोकाला म्हस खोकली आणि उभी राहिली. पेट्रोल संपलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा आबा उतरले होते. मचवा पाण्यात लोटायला लावावा तसा त्यांनी म्हशीच्या पाठीला खांदा लावला होता आणि आम्हाला हाका मारत होते. हे काम त्यांना येत होतं. आम्ही खांदे लावले, म्हस हलली. कोणीतरी चाक धरायला हवं होतं, म्हणून सुशी बसून राहिली. ती पुढे बघत होती, वळणं घेत होती, आणि तिच्या शेजारची सीट रिकामी होती. बाबी मेस्त्रीने ती सीट पाहिली, गावकारांकडे एकदा पाहिलं, आणि तोही मागे येऊन ढकलू लागला.